अभिहस्तांकन, जलसंस्थांच्या संविदाधिकारांचे

संविदेखाली एका पक्षास प्राप्त झालेले हक्क त्याने त्रयस्थास देणे, यास अभिहस्तांकन म्हणतात. धरणे, नळयोजना इ. कामे बहुधा एक संस्था बांधून घेते व दुसरी चालविते. म्हणून शासकीय जलसंस्थांच्या व्यवहारांत यास विशेष महत्त्व आहे.

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ यात या विषयाचे स्वतंत्र प्रकरण नाही. खरदाह कंपनी विरुद्ध रेमन कंपनी (१९६२) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हक्क व दायित्व यांतील भेद स्पष्ट केला. संविदा व्यक्तिगत स्वरूपाची नसेल व तीत मनाई नसेल, तर हक्क देता येतात. दायित्व मात्र दुसऱ्या पक्षाच्या संमतीवाचून इतरांवर सोपविता येत नाही. संमती मिळाल्यास ती नवसंविदा ठरते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ नुसार केवळ दावा लावण्याचा हक्क हस्तांतरणीय नाही. त्यामुळे संविदाभंग झाल्यानंतर नुकसानभरपाईचा हक्क देऊ करणे सामान्यतः निष्फळ ठरते.

अधिनियमाद्वारे होणारे संक्रमण याहून वेगळे आहे. १९९७ च्या अधिनियमान्वये कोकण पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झाले. रत्नागिरी जिल्ह्यातील गडनदी (संगमेश्वर तालुका), अर्जुना (राजापूर तालुका) इ. प्रकल्प त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. अशा महामंडळांच्या अधिनियमांत, शासनाने प्रकल्पासाठी केलेल्या संविदा महामंडळाच्याच समजाव्यात, अशी तरतूद सामान्यतः असते. तेथे हक्क व दायित्वे दोन्ही एकत्र संक्रमित होतात आणि ठेकेदाराची संमती लागत नाही.

ग्रामीण नळयोजनेची स्थिती मात्र निराळी असते. योजना ग्रामपंचायतीच्या ताब्यात येते. परंतु ग्रामपंचायत मूळ संविदेत पक्षकार नसते. जलवाहिनी फुटल्यास दोषदायित्वाच्या मुदतीत ती ठेकेदाराकडून दुरुस्त करून घेण्याचा हक्क बांधकाम करवून घेणाऱ्या संस्थेकडेच राहतो. ठेकेदाराची सुरक्षा ठेव व पंपांची हमी यांबाबतही हेच घडते. बँक हमी ही स्वतंत्र संविदा असल्याने तिच्यासाठी तिच्या अटी निराळ्या पाहाव्या लागतात. म्हणून ताबापत्रासोबत, दोष उद्भवण्यापूर्वीच, लेखी अभिहस्तांकन करणे व ठेकेदारास सूचना देणे आवश्यक ठरते. अन्यथा गावास नळ मिळतात, पण ते दुरुस्त करवून घेण्याचा अधिकार मिळत नाही.

२ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून जीवितहानी झाली. गळतीविषयी ग्रामस्थांनी पूर्वीच तक्रारी केल्या होत्या. त्या दुर्घटनेचा अभिहस्तांकनाशी संबंध नव्हता; तथापि जलबांधकामाच्या दुरुस्तीस कोणी कोणास भाग पाडावयाचे, हे आधीच निश्चित असणे किती निकडीचे आहे, हे तीवरून दिसून येते.