सागवानी कडीला भोक पाडताना

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, औरंगपुरा, बेगमपुरा अशा जुन्या वस्त्यांमध्ये जी माळवदाची घरे अजून तग धरून आहेत, त्यांच्या छताचा सगळा भार लाकडावर तोललेला असतो. भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकलेल्या जाड तुळया, त्यांवर जवळजवळ रचलेल्या, बहुधा सागवानी असलेल्या कड्या, कड्यांवर फळ्यांचा पाट आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, अशी ही रचना आहे. हा थर फूटभर जाडीचा धरला, तरी दर चौरस मीटरला सुमारे पाचशे किलो वजन कड्यांवर कायमचे असते, आणि पावसाचे पाणी मुरले की ते आणखी वाढते. अशा घरात पुढे विजेची पाइप किंवा पाण्याची नळी आडवी न्यायची वेळ येते, तेव्हा कडीला भोक पाडावे लागते, आणि त्यासाठी ड्रिलला कोणते बिट लावावे, हा प्रश्न भार वाहणाऱ्या लाकडाच्या बळाशी थेट जोडलेला असतो.

कडीवर वजन आले की ती किंचित वाकते. तिच्या वरच्या भागातील तंतू दाबले जातात, खालचे ताणले जातात, आणि मध्यावर एक पातळी अशी राहते की जिथे वाकण्यामुळे ना दाब असतो ना ताण. अभियांत्रिकीत या पातळीला उदासीन अक्ष म्हणतात. भोक याच पातळीवर पाडायचे असते, आणि त्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. कडीच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढ्या व्यासाचे भोक बरोबर मध्यावर पाडले, तर तिची वाकण्याला तोंड देण्याची ताकद दोन टक्क्यांहूनही कमी घटते. परंतु तेवढ्याच खोलीची खाच खालच्या कडेला घेतली, तर ती जवळजवळ चव्वेचाळीस टक्क्यांनी घटते. ब्रिटिश बांधकाम-परंपरेत भोकाचा व्यास उंचीच्या पाव भागापर्यंत ठेवून ते टेकूपासून लांबीच्या 0.25 ते 0.4 या पट्ट्यात घेण्याचा नियम आहे, तर अमेरिकी निवासी संहिता एक तृतीयांशापर्यंत मुभा देते. चार इंची, म्हणजे साधारण शंभर मिलिमीटर उंचीच्या जुन्या कडीला यातला कडक नियमच लावावा, कारण तिच्यावर मातीचे ओझे आहे आणि तिचे वय कोणी मोजलेले नाही. वीस मिलिमीटरच्या पाइपसाठी बावीस मिलिमीटरचे भोक पुरते. त्याहून मोठ्या सांडपाण्याच्या नळीने कडीतून जाऊच नये, तिला भिंतीकडची वाट द्यावी.

बिटाच्या निवडीतली पहिली चूक विजेच्या कामाच्या पिशवीतूनच सुरू होते. त्या पिशवीत हॅमर ड्रिल असते आणि विटेसाठीची मेसनरी बिटे असतात. या बिटाचे टोक दगड-विटेवर ठोकून भुगा करण्यासाठी बोथट बनवलेले असते, त्यामुळे ते सागाला कापत नाही, चिरडते; भोकाच्या कडा काळ्या पडतात, धूर येतो, आणि हॅमर चालू राहिला तर वरच्या पाटाच्या सांध्यांतून माती झरू लागते. स्पेड बिट, म्हणजे मध्ये अणकुचीदार टोक असलेले चपटे पाते, स्वस्त मिळते आणि मऊ लाकडात भराभर चालते. मात्र ते खरवडून पुढे सरकते, त्यामुळे जुन्या सुक्या सागात तापते आणि पलीकडे निघताना कडीची मोठी ढलपी उडवते.

गिरमिटाच्या घडणीचे ऑगर बिट या कामाला सर्वांत योग्य ठरते. त्याच्या टोकाला आटे असलेला बारीक स्क्रू असतो, जो लाकडात शिरून बिटाला स्वतःच पुढे ओढतो. त्यामागची नखासारखी धार भोकाच्या परिघावरचे तंतू आधी कापते, मग आडवी धार आतले लाकूड उचलते, आणि रुंद पीळ ते छिलके बाहेर आणतो. हे बिट अगदी मंद गतीने चालवावे लागते, आणि ड्रिलचे बाजूचे हँडल घट्ट धरावे लागते, कारण ते अडकले तर मशीन मनगट पिळून टाकते. बाहेर येणारे छिलके कडीची प्रकृतीही सांगतात: निरोगी सागाचे छिलके लांबट, तांबूस आणि तेलकट वासाचे असतात, तर वाळवी लागलेल्या किंवा कुजलेल्या कडीतून नुसता कोरडा भुसा पडतो. असा भुसा दिसला की काम तिथेच थांबवून कडीची तपासणी करणे भाग आहे.

खरी अडचण मात्र जागेची आहे. कड्या इतक्या जवळजवळ असतात की ड्रिल आणि बिट मिळून त्यांच्यामध्ये सरळ मावत नाहीत, आणि कारागीर साहजिकच ते तिरके धरतो. तीन इंच जाडीच्या कडीत बिट तीस अंश खाली झुकले, तर पलीकडच्या बाजूला भोक सुमारे त्रेचाळीस मिलिमीटर खाली निघते; मध्यावर सुरू केलेले भोक चार इंची कडीच्या खालच्या कडेला जाऊन फुटते, म्हणजे जिथे ताण सर्वाधिक, तिथेच लाकूड कापले जाते. तिरकेपणा टाळताच येत नसेल, तर तो आडव्या दिशेने असावा, उंची बदलू नये. तरीही भोक लंबगोल होतेच, म्हणून काटकोनी हेड आणि आखूड बिट यांवरचा खर्च अशा घरात वाया जात नाही.

याच शहराजवळच्या वेरूळच्या दहाव्या लेण्याला, विश्वकर्मा लेण्याला, लोक सुताराची झोपडी म्हणतात, आणि तिथल्या दगडी छतावर लाकडी वाशांसारख्या ओळी कोरलेल्या आहेत. लाकडाने भार कसा पेलायचा, याची जाण या परिसरात किती जुनी आहे, ते तिथे दिसते. बिट हाती घेणाऱ्यानेही त्याच जाणिवेने कडी न्याहाळावी. जुन्या कड्यांमध्ये लोखंडी खिळे लपलेले असतात, म्हणून खूण करण्यापूर्वी चुंबक फिरवून पाहावा, कारण एक खिळा लागला तरी ऑगरचे स्क्रूटोक निकामी होते. सागाच्या लाकडात मुळातच सिलिका असते, ती धार लवकर बोथट करते, त्यामुळे काही भोकांनंतर धार पाहून घ्यावी लागते. उंची गुण्या लावून प्रत्येक कडीवर वेगळी मोजावी, कारण वाकसाने तासलेल्या कड्या एकसारख्या नसतात. स्क्रूचे टोक पलीकडे डोकावले की मशीन थांबवावे, बिट उलटे फिरवून बाहेर काढावे आणि उरलेले भोक दुसऱ्या बाजूने पूर्ण करावे, म्हणजे ढलपी उडत नाही.