मेजावर कुणाला जागा?

लेखमाला : मंडळी निवडताना, लेखांक सहावा

मागच्या आठवड्यात बाप्तिस्म्याबद्दल लिहिलं. प्रभुभोजन, म्हणजे मेजाशी भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, हा त्याच्या लगतचा विषय. माझ्या मते मंडळी निवडताना सगळ्यांत आधी बघायची गोष्ट हीच, पण बघितली जाते सगळ्यांत शेवटी. चाकूरला बदलून आलेलं ख्रिस्ती कुटुंब असो, की इथलंच, नव्यानं येशूच्या नावानं प्रार्थना करू लागलेलं घर असो, चर्च ठरतं ते बहुतेक अंतरावरून. लातूर पस्तीसेक किलोमीटर, अहमदपूर त्याहून जवळ. नाहीतर कुणाच्या तरी ओसरीवर, पत्र्याच्या शेडमध्ये भरणारी प्रार्थनासभा. गाणी मनाला लागतात, पास्टर आजारपणात धावून येतात, पोरं संडे स्कूलला रमतात. मग प्रभुभोजनाचा रविवार येतो. पांढऱ्या कापडाखालची थाळी उघडली जाते, घरातल्या दोघांना पुढं बोलावतात आणि दोघांना जागेवरच बसायला सांगतात. मेजाचे काही नियम आहेत हे तेव्हा कळतं, आणि मन दुखावतं.

कॅथलिक चर्चचे नियम सगळ्यांत स्पष्ट आहेत, म्हणून तिथून सुरुवात करू. लातूर-नांदेडचा भाग औरंगाबाद धर्मप्रांतात येतो; १९७७ साली तो अमरावतीपासून वेगळा झाला. मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, अर्पण केलेली भाकर आणि द्राक्षारस दिसायला तसेच राहिले, तरी ते खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, ही तिथली श्रद्धा आहे. बाकीचं सगळं या श्रद्धेतून येतं. भाकर गव्हाचीच हवी, तीही बिनखमिराची; आपल्याकडच्या ज्वारीची चालत नाही. उरलेला ख्रिस्तप्रसाद टाकून देत नाहीत, वेदीजवळच्या पेटीत ठेवतात, शेजारी दिवा तेवत राहतो, आणि त्यातलाच प्रसाद आजाऱ्यांच्या घरी जातो. घेण्याआधी तासभर काही खायचं नाही. मोठं पाप मनात असेल तर आधी पापनिवेदन. मुलांना साधारण सात-आठ वर्षांची झाल्यावर, शिकवणी देऊन पहिला प्रसाद मिळतो. वयाचा हा दंडक पोप दहावे पायस यांनी १९१० साली घातला.

आणि इतर चर्चच्या माणसाला? सर्वसाधारणपणे नाही. १९८३ च्या धर्मसंहितेत अपवाद आहेत, पण ते मृत्यूच्या छायेतल्या माणसासाठी किंवा तशाच गंभीर गरजेसाठी, आणि त्यालाही अटी आहेत. नवरा प्रोटेस्टंट आणि बायको कॅथलिक असं घर असेल, तर एका बाकावर बसून एकाला प्रसाद आणि एकाला नाही, हे दर रविवारी सोसावं लागतं. ज्याला हे सोसणार नाही त्यानं आधीच विचारावं. गुपचूप रांगेत उभं राहून प्रसाद घेऊ नये. ज्यांना तो साक्षात ख्रिस्त वाटतो त्यांच्या श्रद्धेचा त्यात अवमान होतो, आणि घेणाऱ्याच्याही मनाला शांती लाभत नाही.

सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, ही आपल्या महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेली मंडळी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या परंपरा एक झाल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बाप्टिस्ट, ब्रेदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. अँग्लिकनांचा आग्रह असा, की बिशपच्या हातून दीक्षित झालेल्या पाळकानंच मेजाशी उभं राहावं. डिसायपल्सांची रीत दर रविवारी प्रभुभोजन घेण्याची, आणि तेही मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या हातून. बाप्टिस्टांना लहान बाळाचा बाप्तिस्मा मान्य नाही, मग त्याच बाळाला मोठेपणी मेजावर बसवायचं कसं? हे सगळे प्रश्न घेऊन ही माणसं कित्येक वर्षं बोलत राहिली आणि शेवटी एका मेजाशी आली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्टही येणार होते, पण ऐनवेळी थांबले. म्हणून शेजारच्या बीदरकडे गेलात तर मेथडिस्ट मंडळी आजही वेगळी दिसते.

या एकीचा मला फार आदर वाटतो. आपल्या भागातला सीएनआयचा मराठवाडा धर्मप्रांत हे तिचंच फळ. तिथं बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेले सभासद प्रभुभोजन घेतात, आणि दुसऱ्या मंडळीच्या पूर्ण सभासदालाही सहसा बोलावतात. अडचण वेगळीच असते. मेजाशी दीक्षित पाळकच लागतो आणि एका पाळकाकडे अनेक गावं असतात. त्यामुळं खेड्यात प्रभुभोजन महिन्यातून एकदा, कधी त्याहूनही विरळ होतं. ज्याला दर आठवड्याला त्या मेजाची ओढ आहे त्याला ही वाट लांबची वाटेल.

एकी सगळ्यांना पेलली असंही नाही. डहाणू-वलसाडच्या पट्ट्यात १८९० च्या दशकापासून काम करणाऱ्या अमेरिकन ब्रेदरेन मंडळीचं प्रेमभोजन निराळं होतं: आधी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एकत्र साधं जेवण, मग भाकर आणि प्याला. १९७० नंतर त्यांच्यातल्या काहींनी विलीनीकरण मानलं नाही, मालमत्तेवरून खटले झाले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या त्यांच्या मंडळीचं विलीनीकरण कायद्यानं झालंच नसल्याचा निर्णय दिला. पाय धुण्याची रीत आज बघायची असेल तर सेव्हंथ डे अ‍ॅडव्हेंटिस्टांकडे जावं. ते प्रभुभोजनाआधी जोडीजोडीनं पाय धुतात. दुसऱ्या टोकाला मुक्तिफौज. १८८२ साली मुंबईत उतरलेल्या या फौजेनं पुढच्याच वर्षी प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा दोन्ही विधी जगभर थांबवले. माणसाचं सगळं जगणंच पवित्र व्हावं, विधीवर भार नको, ही त्यांची धारणा. नगर जिल्ह्यात त्यांचं काम मोठं आहे आणि त्यांच्या सेवेबद्दल कुणी शंका घेणार नाही, पण ज्याला भाकर आणि प्याला हवाच आहे त्यानं हे आधी माहीत करून घ्यावं.

द्राक्षारस की नुसता रस, यावर मात्र मी फार थांबणार नाही. अमेरिकेतले मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस ब्रॅमवेल वेल्च यांनी १८६९ साली द्राक्षाचा रस तापवून, न आंबवता टिकवून दाखवला, तेव्हापासून दारूबंदी मानणाऱ्या मंडळ्यांची सोय झाली. काही ठिकाणी काळे मनुके उकळून रस करतात. दारूनं घरं उद्ध्वस्त झालेली ज्यांनी पाहिली आहेत, त्या मराठवाड्यातल्या बायांना नुसता रसच बरा वाटतो, आणि मला त्यांचं पटतं.

प्याला एक की अनेक, हा प्रश्न मात्र आपल्याकडे खोल जातो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छोटे छोटे वेगळे पेले आले ते रोगजंतूंच्या भीतीनं. कोरोनानंतर आपल्याकडेही बऱ्याच मंडळ्यांनी ते घेतले, आणि आरोग्याच्या दृष्टीनं त्यात गैर काही नाही. पण जिथं हॉटेलात कुणासाठी वेगळी कपबशी ठेवलेली असायची, जिथं पाणवठे वेगळे होते, त्या मुलखात एका प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तमिळ मुलखात यावरून मंडळ्या फुटल्या आहेत. मराठ्यांचं राज्य असलेल्या तंजावरात वेल्लाळ ख्रिस्ती वेगळे बसत आणि मेजाकडे आधी जात. दलित ख्रिस्ती नंतर. कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ साली पत्र काढून हा भेद ताबडतोब आणि कायमचा बंद करायला सांगितलं. शेकडो माणसं चर्च सोडून गेली. तंजावरच्या सरफोजीराजांचे स्नेही, थोर कवी वेदनायगम शास्त्री यांच्यासारखा माणूसही जातिभेदाच्या बाजूनं लिहीत होता. इतकी ती सवय हाडीमाशी खिळलेली असते.

आपल्याकडे याच्या अगदी उलटी वाट चाललेली बाई आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपलं सोवळंओवळं कसं सुटत गेलं ते लिहून ठेवलंय. त्यांचे पती ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. त्यांच्या बाबतीत जेवणातली भिंत आधी पडली, बाप्तिस्मा नंतर झाला. म्हणून नव्या मंडळीत गेल्यावर मेजाकडे जाणारी रांग जरूर बघावी. कोण आधी उठतं, कोण मागं राहतं, महार आणि मांग घरांतली माणसं एकत्र येतात का, परगावचा गरीब माणूस आला तर त्याला कुणी हात धरून पुढं नेतं का.

पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय प्रभुभोजनाच्या वेळी जवळपास सगळीकडे वाचला जातो. अयोग्य रीतीनं खाऊ-पिऊ नये हा इशारा त्यातलाच. अनेक स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल सभांमध्ये यावरून लोकांना धाक घातला जातो: घरात भांडण झालं असेल, मनात शंका असेल, तर हात लावू नका. आत्मपरीक्षण हवंच. पण पौल त्या अध्यायात कशावर संतापलाय ते वरच्या ओळींत आहे. सुखवस्तू माणसं आधी येऊन पोटभर खात-पीत होती आणि मागून येणारे गरीब उपाशी राहत होते. त्या मेजाचा पहिला अपमान हा होता. हा भाग गाळून उरलेला इशारा वाचला, तर भिडस्त बायाबापड्याच मागं राहतात. वर्षानुवर्षं प्याल्याला हात न लावणाऱ्या भाबड्या जिवांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

आता आपल्या भागातला सगळ्यांत अवघड प्रश्न. जवळपास सगळ्या मंडळ्यांमध्ये मेजाची वाट बाप्तिस्म्यातून जाते. आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली अनुसूचित जातींच्या यादीत जागा मिळाली, ख्रिस्ती लोकांना आजवर नाही. २०२४ साली पुदुच्चेरीतल्या एका महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बाप्तिस्मा आणि नियमित चर्चला जाणं या गोष्टी पाहून तिचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा हक्क नाकारला. परिणाम समोर आहे. मांगवाड्यातलं एखादं कुटुंब मनानं कधीचं येशूचं झालेलं असतं, पण पोरीची शिष्यवृत्ती आणि पोराची नोकरी यापायी बाप्तिस्मा घेत नाही, आणि बाप्तिस्मा नाही म्हणून मेजही नाही. काहीजण याला दुटप्पीपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. ज्या कायद्यानं जात न सोडणारं दारिद्र्य धर्म बदलताच संपलं असं गृहीत धरलं, दोष त्या कायद्याचा आहे.

ना. वा. टिळकांना अशा माणसांची ओळख होती. १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथं बरोबरीनं यावेत, असा तो विचार होता. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार वाढू शकला नाही. शंभर वर्षांनंतरही तो प्रश्न आपल्या मंडळ्यांपुढं तसाच आहे. चाकूर-अहमदपूर भागातल्या पाळकांनी आणि पास्टरांनी एकत्र बसून यावर बोलावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ज्याला बाप्तिस्मा घेता येत नाही त्याला मेजाशी आणून निदान डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. कॅथलिक आणि सीएनआयच्या कित्येक चर्चमध्ये लहान मुलांना असा आशीर्वाद देतात. मोठ्यांना द्यायला कुणाची हरकत असू नये.

मंडळी निवडणाऱ्यानं म्हणून थोडी चौकशी आधी करावी, आणि ती पाळकाला समोरासमोर भेटून करावी. आमचा बाप्तिस्मा लहानपणी झालाय, तुम्ही तो मानता का, की पुन्हा पाण्यात उतरावं लागेल? बाप्तिस्मा न झालेली आमची आई मेजाशी येऊ शकेल का, आणि नसेल तर तिच्यासाठी तुमच्याकडे काय आहे? मंडळीतलं कुणी अंथरुणाला खिळलं तर भाकर घेऊन घरी कोण येतं, आणि किती दिवसांनी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर शेजाऱ्यापाजाऱ्यांकडूनही पडताळून घ्यावं. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, तेव्हा ख्रिस्ती पंथांच्या गर्दीनं त्या गोंधळून गेल्या होत्या. अँग्लिकन भगिनींशी त्यांनी सडेतोड वाद घातला, प्रत्येक शिकवण स्वतः वाचून पारखली, आणि केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनला कुठल्याच एका पंथाची पाटी लावली नाही. प्रश्न विचारल्यानं श्रद्धा उणी होत नाही, हे मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांनी दाखवून ठेवलंय.

ज्यांची जुनी मंडळी दुसऱ्या गावी आहे, त्यांनी तिथून सभासदत्वाचं पत्र आणि बाप्तिस्म्याचा दाखला आणायला विसरू नये. दृढीकरण झालेलं असेल तर त्याची नोंदही मागून घ्यावी. हे कागद पुढं लग्नाला आणि दफनभूमीत जागा मिळवायलाही लागतात. दफनभूमीचा विषय पुढच्या लेखात.