गिधाडे मेली, घाण कुणाच्या दारात?

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, आपल्यापुढे भाकरीचे आणि अत्याचाराचे प्रश्न आहेत, असे आपल्यातले बरेच कार्यकर्ते म्हणतात. वाघ वाचवण्याच्या नावाखाली आदिवासींना जंगलातून उठवलेले ज्यांनी पाहिले, त्यांनी असे म्हटले तर नवल नाही. परंतु एक प्रकरण असे आहे, की ते सरळ आपल्या वस्तीच्या दारात येऊन उभे राहते. ते गिधाडांचे प्रकरण आहे.

गिधाड हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. गावगाड्याने मेलेल्या जनावराची विल्हेवाट दोघांवर लादली होती, जमिनीवर आपल्या बापजाद्यांवर आणि आभाळात या पक्ष्यावर. आणि दोघांनाही अमंगळ ठरवले! घाण करणारा पवित्र आणि घाण काढणारा अपवित्र, हा मनुवादी न्याय पाखरालाही लावला गेला. मेलेले ढोर ओढणे ही महारकी होती. वतनात मिळालेल्या जमिनीला हाडकी-हाडोळा म्हणत, तिच्या नावातच हाडे आहेत. वर गिधाडे घिरट्या घालू लागली की कुठे ढोर पडले ते कळायचे आणि त्या मांसासाठी माणसाला पाखराशी झोंबावे लागायचे. बाबासाहेबांनी मार्च १९२७ च्या महाड परिषदेत मेलेल्या ढोराचे मांस सोडा असे बजावले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आपल्या माणसांनी गावाचा बहिष्कार सोसून हे काम टाकले.

आपण ते काम सोडले, गिधाडाने सोडले नाही. गिधाडांचा थवा तासाभरात अख्खी गाय साफ करून हाडे उरवतो. त्याच्या जठरातले आम्ल इतके जहाल असते की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. या सफाईचे बिल कुठल्याच सरकारला कधी आले नाही, म्हणून तिची किंमतही कुणी केली नाही.

नव्वदच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी नोंदवले. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. लांब चोचीची शंभरातली सत्त्याण्णव गेली. आधी साथीच्या रोगाचा संशय होता. खरे कारण २००४ साली पाकिस्तानातल्या संशोधनातून पुढे आले, ते म्हणजे डायक्लोफेनॅक. माणसाच्या सांधेदुखीवरचे हे औषध स्वस्त झाले आणि लंगडणाऱ्या, तापलेल्या जनावराला सर्रास टोचले जाऊ लागले. टोचल्यानंतर थोड्या दिवसांत ढोर मेले की औषध त्याच्या मांसात राहते. ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड बंद पडते, आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो आणि पक्षी मरतो. शंभर मेलेल्या ढोरांत एकही विषारी नसले, दोनशेत एखादे असले, तरी जात नष्ट व्हायला ते पुरते, कारण एकाच ढोरावर अख्खा थवा उतरतो आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. यात कुणाचाही दुष्ट हेतू नव्हता. शेतकऱ्याला बैल उभा करायचा होता, कंपनीला माल खपवायचा होता. गिधाडाचा विचार दोघांच्याही हिशेबात नव्हता.

मग ढोरे कुजू लागली आणि कुत्री माजली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने गिधाडांच्या ऱ्हासामुळे देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली आणि रेबीजने ४७ हजारांवर जादा मृत्यू झाले, असा अंदाज दिला. अर्थतज्ज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी, जिथे पूर्वी गिधाडे भरपूर होती अशा जिल्ह्यांची इतर जिल्ह्यांशी तुलना केली. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे जादा मेली, असा त्यांचा २०२४ मधला निष्कर्ष आहे. या पाच लाखांची जात कुणी मोजलेली नाही. पण ढोरे कुठे टाकतात ते आपल्याला ठाऊक आहे. पाटलाच्या वाड्यामागे टाकत नाहीत. गावकुसाबाहेर, ओढ्याकाठी टाकतात, आणि त्या बाजूला कुणाची वस्ती असते हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको.

आता कायद्याचे बघू. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडाला न बाधणारे औषध उपलब्ध आहे. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या ढोरांना टोचणे चालूच राहिले. २००७ ते २०१० दरम्यान ११ राज्यांतल्या अडीचशेवर दुकानांच्या पाहणीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ठिकाणी ढोरांसाठी डायक्लोफेनॅक मिळाले. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीची कुपी एका मात्रेची, ३ मिलिलिटरची करावी लागली. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांवर बंदी यायला २०२३ उजाडले. राजपत्रातला कायदा आणि बाजारातला माल यांची गाठ क्वचितच पडते, हे आम्हा वकिलांना रोज दिसते.

जुलै २०१६ मध्ये उना तालुक्यातल्या मोटा समढियाळा गावात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी मारले. त्यानंतर सुरेंद्रनगरला दलितांनी मेलेली ढोरे कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली आणि काम बंद केले. गाय जिवंत असेपर्यंत माता, मेली की तिला उचलायला आपण! गिधाड नसलेल्या गावात हा प्रश्न अधिकच कुजतो, आणि तो पुन्हा जुन्याच खांद्यांवर लादण्याचा मोह गावाला होतो. तिथे आपण सावध राहिले पाहिजे. आरोग्य आणि स्वच्छता हा संविधानाच्या अकराव्या अनुसूचीप्रमाणे पंचायतींकडे सोपवायचा विषय आहे, तो कुठल्या जातीचा नाही. मेलेले ढोर यंत्राने उचलून वस्ती आणि पाण्यापासून दूर पुरण्याचा खर्च पंचायतीने करावा, असा ठराव ग्रामसभेत मांडता येतो.

जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडे ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. ती जगणार की नाही हे भोवतालच्या गावांत कुठले इंजेक्शन विकले जाते यावर ठरेल. आपल्या तालुक्यातली किती औषध दुकाने या बंदीसाठी तपासली आणि किती खटले भरले, एवढे दोनच प्रश्न माहिती अधिकारात अन्न व औषध प्रशासनाला विचारा. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.