गुळवेल : अमृता, पण मात्रेतच

आयुर्वेदाने ‘अमृता’ म्हणून गौरविलेल्या गुळवेलीचे खोड औषधात वापरतात. जीर्णज्वर, मधुमेह, संधिवात आदी विकारांत वैद्य तिची योजना करतात. कोरोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी घरोघरी तिचा काढा सुरू झाला.

२०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी, गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतविते. परंतु ही शक्ती ज्यांच्या स्वतःच्याच पेशींवर उलटते, त्यांना ती चेतना अपायकारक ठरू शकते, असे तज्ज्ञांचे मत आहे. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खातरजमा झाली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. तिच्यासारख्या दिसणाऱ्या अन्य वेलीही आहेत, हे खरेच.

वाद तज्ज्ञांचा असला तरी सावधगिरी आपण बाळगावी. यकृतविकार वा थायरॉईडचा आजार असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याविना गुळवेल घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्यांसोबत घेतल्यास रक्तशर्करा अतिरिक्त खालावू शकते. भूक मंदावणे, लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे ही लक्षणे आढळताच काढा थांबवून यकृताची तपासणी करावी. डॉक्टरांना औषधे सांगताना घरच्या काढ्याचाही उल्लेख अवश्य करावा.