अर्ज भरणारा संगणक आणि आपली नावे

जून महिना आला की आपल्या घराघरांत माळ्यावरची कागदांची पिशवी खाली निघते. आजोबांच्या वेळचा कोतवाल बुकाचा उतारा, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्डाची झेरॉक्स, आणि त्यावर नव्याने भरायचे अर्ज. मुलगी बारावी झाली, तिला राखीव जागेवर व्यावसायिक शिक्षणाला घालायचे तर जात पडताळणी हवी. तिच्या पाठोपाठ चुलत भाऊ. त्याचे आजोबा तेच, गाव तेच, वंशावळ तीच. पण कागद पुन्हा कोरा. बाप एक पाळी बुडवून दुकानात बसतो, दुकानदार घाईत टाइप करतो, आणि एका कागदावर आजोबांचे नाव 'सखाराम' तर दुसऱ्यावर 'सकाराम' होऊन बसते. एका अक्षराचा फरक आणि त्यापायी खेटे किती, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

हे अर्ज आणि शपथपत्रांचे नमुने आता पुष्कळदा पीडीएफ फाइल म्हणून मिळतात. माहिती एकदाच नीट लिहून ठेवायची आणि तीच सर्व अर्जांत संगणकाकडून उतरवून घ्यायची, हे आज होण्यासारखे आहे. त्याला महागडे सामान लागत नाही. मोफत प्रोग्राम पुरतात. आपल्या वस्त्यांतून संगणक शिकलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांनी हे काम हाती घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र या वाटेवर काही खड्डे आहेत, आणि त्यातले मोठे खड्डे नेमके आपल्या लिपीपाशी आणि धर्माच्या रकान्यापाशी आहेत.

पीडीएफ ही पद्धत अमेरिकेतील अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली आणली. तिचे जनक जॉन वॉरनॉक. गंमत अशी की तिच्या मुळाशी एक सरकारी फॉर्मच आहे. १९८५ च्या सुमारास लेझर छपाईचे प्रात्यक्षिक दाखवताना वॉरनॉक यांनी अमेरिकेच्या प्राप्तिकराचा फॉर्म निवडला होता. रेघा, चौकटी आणि बारीक मजकुराने गच्च भरलेला. तो छापून निघायला फार वेळ लागू लागला, तेव्हा पानाचे वर्णन साधे-सरळ करून घेण्याची एक युक्ती त्यांनी काढली. तीच पुढे पीडीएफच्या कामी आली.

पीडीएफचे पान म्हणजे गोठवलेले चित्र. कोणत्याही संगणकावर उघडा, ते तसेच दिसते. १९९६ साली त्यात भरायच्या फॉर्मची सोय झाली. अशा फॉर्मच्या पानाला दोन थर असतात असे समजा. खालच्या थरावर छापील मजकूर आणि चौकटी. वरच्या थरावर न दिसणारे कप्पे. प्रत्येक कप्प्याला फॉर्म बनवणाऱ्याने एक आतले नाव दिलेले असते. आपल्याला पानावर 'अर्जदाराचे संपूर्ण नाव' असे दिसते, आत मात्र त्या कप्प्याचे नाव 'टेक्स्ट ७' असेही असू शकते. तेव्हा पहिले काम म्हणजे या कप्प्यांची यादी मागणे. पीडीएफटीके नावाचा मोफत प्रोग्राम ही यादी देतो. पायथन भाषा शिकलेल्यांना पायपीडीएफ वापरता येईल, जावा येत असेल तर पीडीएफबॉक्स आहे. यादी मिळाली की एका तक्त्यात घराची माहिती लिहायची, कोणती माहिती कोणत्या कप्प्यात जाईल याची जोडी लावून द्यायची, आणि प्रोग्राम चालवायचा. चाळीस मुलांचे चाळीस अर्ज चहा होईपर्यंत भरून निघतात.

तक्ता भरताना आजोबांचे नाव जुन्या कागदावर जसे आहे तसेच घ्यावे. आपल्याला बरोबर वाटेल तसे सुधारून नव्हे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख पुराव्याच्या कामी महत्त्वाची धरली जाते, आणि त्यापूर्वीच्या वह्यांत आपल्या माणसांची नावे गावकामगारांनी ऐकली तशी लिहिलेली आहेत. एकाने तक्ता वाचावा, दुसऱ्याने मूळ कागद हातात धरावा. यंत्र चूक करत नाही असे लोक म्हणतात. पण दिलेली चूक ते चाळीस वेळा न थकता उतरवते.

आता धर्माच्या रकान्याविषयी. इथे जरा थांबून वाचावे ही विनंती. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या लोकांनी धर्म 'बौद्ध' लिहिला, आणि त्यापायी केंद्राच्या सवलतींपासून ते दूर राहिले. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली, तेव्हा बौद्धांना तो हक्क मिळाला. म्हणजे धर्म आणि जात हे दोन रकाने आपल्यासाठी नुसते दोन रकाने नाहीत. पीडीएफ फॉर्मवर धर्मासाठी बहुधा गोल खुणा असतात: हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिश्चन. या प्रत्येक खुणेलाही आतले नाव असते, आणि ते '१', '२', '३' असे काहीही असू शकते. प्रोग्रामने त्या जागी 'बौद्ध' हा शब्द पाठवला आणि आतले नाव '३' असेल, तर खूण लागत नाही. पुष्कळ प्रोग्राम त्याची तक्रारही करत नाहीत. रकाना रिकामा राहतो. आणि फॉर्म बनवणाऱ्याने आधीच एखादी खूण करून ठेवली असेल तर तीच राहते! चाळीस बौद्ध मुलांच्या अर्जांवर भलताच धर्म छापून यायला एवढे पुरे आहे. उपाय साधा आहे. कोऱ्या फॉर्मवर आपण हाताने 'बौद्ध'वर खूण करावी, फाइल जतन करावी, आणि त्या कप्प्यात काय साठले ते प्रोग्रामकडून वाचून घ्यावे. तेच पुढे वापरावे.

कप्पा भरूनही कागद कोरा निघाला असा अनुभव नव्या मुलांना हमखास येतो. याचे कारण असे की कप्प्यात नाव साठवणे हे एक काम आणि ते पानावर रेखाटणे हे दुसरे. काही प्रोग्राम पहिले करतात, दुसरे सोडून देतात. मग पडद्यावर चौकटीत बोट ठेवले की नाव दिसते, पण छापताना गायब. म्हणून भरून झाल्यावर कप्पे पानात कायमचे विरघळवून टाकण्याची आज्ञा द्यावी. संगणकवाले तिला 'फ्लॅटन' म्हणतात. त्यानंतर ते नाव चित्राचाच भाग होते, आणि कोणाला ते सहज बदलताही येत नाही.

खरी कसोटी मात्र मराठी अक्षरांची. इंग्रजी फॉर्म भरणे तुलनेने सोपे, कारण इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की झाले. आपल्याकडे तसे नाही. 'सिद्धार्थ' हे नाव घ्या. डोळ्याला वेलांटी 'स'च्या आधी दिसते, पण संगणक आधी 'स' साठवतो आणि मग वेलांटी. रफार 'थ'च्या डोक्यावर दिसतो, पण साठवताना 'र' आधी येतो. 'द' आणि 'ध' यांचे जोडाक्षर व्हायचे असते. साठवलेल्या क्रमातून हे दिसणारे रूप घडवण्याचे काम वेगळा प्रोग्राम करतो. हार्फबझ हा त्यातला नावाजलेला. फॉर्म भरणाऱ्या अनेक साधनांत ही सोय नसते. मग 'सिद्धार्थ'ची वेलांटी भलत्या जागी जाते, जोडाक्षर सुटून पाय मोडलेली अक्षरे उरतात. 'प्रज्ञा'चेही तसेच हाल. आणि फॉर्मच्या कप्प्याला दिलेला टाइप केवळ इंग्रजी असेल तर नुसते चौकोन छापले जातात. ज्या नावांसाठी आपल्या आईबापांनी 'धोंड्या' आणि 'दगड्या' मागे टाकले, ती नावे अशी तुटलेली दिसावीत हे आम्हाला तरी पाहवत नाही.

यावर चालणारा एक उपाय असा. मराठी मजकूर कप्प्यात घालण्याच्या भानगडीत पडू नये. ब्राउझरला मराठी जोडाक्षरे नीट घडवता येतात. तेव्हा नुसती नावे योग्य जागी लिहिलेले एक पान ब्राउझरकडून पीडीएफ म्हणून काढून घ्यावे (क्रोमला हे पडदा न उघडता नुसत्या आज्ञेवर करता येते) आणि ते पान फॉर्मवर पारदर्शक कागदासारखे ठेवून एकजीव करावे. फॉर्म स्कॅन केलेला असेल, त्याला कप्पेच नसतील, तरीही हीच रीत उपयोगी पडते. जागा मोजायला साधी पट्टी घ्या. पीडीएफचे माप इंचाच्या ७२ व्या भागात असते. ए-फोर कागद ५९५ रुंद आणि ८४२ उंच. मोजणी बहुधा डाव्या खालच्या कोपऱ्यातून होते, वरून नव्हे, हे विसरल्यास नाव थेट सहीच्या जागी जाऊन बसते. एक मिलिमीटर म्हणजे साधारण २.८३. डावीकडून ४० मिलिमीटर आणि खालून २३० मिलिमीटरवरची रेघ असेल तर आकडे येतील ११३ आणि ६५२.

कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या टाइपात नावे साठवलेली असतील तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. ते टाइप डोळ्याला मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरतात. टाइप बदलला की सगळ्याचा कचरा. आणि एखादी फाइल उघडल्यावर फॉर्मऐवजी 'कृपया थांबा' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्यच दिसत राहिले, तर तो एक्सएफए नावाच्या जुन्या जातीचा फॉर्म समजावा. २०१७ च्या नव्या पीडीएफ प्रमाणात ही जात मोडीत काढली आहे. त्यावर वेळ घालवू नये. दुसरा नमुना मागावा.

छपाईच्या वेळी 'पानात बसवा' हा पर्याय आपोआप निवडलेला असतो. त्याने सारे पान किंचित आक्रसते. एरवी बिघडत नाही, पण आधीच छापलेल्या फॉर्मवर किंवा मुद्रांक कागदावर नावे उमटवायची असतील तर ती रेघेवरून घसरतात. 'मूळ आकार' निवडावा, कागद ए-फोर आहे ना ते पाहावे, आणि पहिली प्रत साध्या कागदावर काढून फॉर्मच्या मागे ठेवून उजेडात धरावी. शपथपत्रावर सही करण्यापूर्वी ज्याचे नाव आहे त्याला ते मोठ्याने वाचून दाखवावे. म्हातारी आजी वाचू शकत नसली तरी आपल्या सासऱ्याचे नाव चुकले की लगेच टोकते.

काम दुसऱ्याच्या संगणकावर केले असेल तर भरलेल्या फाइली तिथे पडून राहतात. आधार क्रमांक, पत्ता, तीन पिढ्यांची नावे, सगळे. त्या 'डाउनलोड्स'मधून काढाव्यात आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी करावी. तपासलेला तक्ता मात्र स्वतःच्या पेन ड्राइव्हवर आणि एका छापील कागदावर जपून ठेवावा. धाकटी दोन वर्षांनी बारावी होईल, तेव्हा तोच लागणार आहे.