सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं, पण समुद्रात चालेल का? इन्स्टॉलेशनच्या सूचना कशा लिहायच्या?

पावसाळी मासेमारी बंदी संपत आली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जाळी, इंजिन, डिझेल, बर्फ अशी तयारी सुरू होते. समजा, याच दिवसांत एका तांडेलाच्या मुलाने घरच्या जुन्या लॅपटॉपवर 'ओपनसीपीएन' टाकायचं ठरवलं.

ओपनसीपीएन म्हणजे काय?

बोट नेमकी कुठे आहे, हे सागरी नकाशावर दाखवणारं हे मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर ते चालतं.

मुलगा फाईल डाउनलोड करतो, 'नेक्स्ट' दाबत जातो. स्क्रीनवर जगाचा नकाशा येतो, किनाराही दिसतो. झालं काम?

नाही. तो फक्त ढोबळ नकाशा असतो. पाण्याची खोली, बुडालेले खडक त्यात नसतात. त्यासाठी सागरी नकाशे वेगळे मिळवून टाकावे लागतात. जीपीएस जोडून त्याचा पोर्टही निवडावा लागतो. सूचना 'इन्स्टॉल पूर्ण झालं' इथेच थांबल्या, तर ही उणीव भर समुद्रात कळेल. तिथे इंटरनेट नसेल आणि विचारायला कोणी नसेल.

मग चांगल्या सूचनांमध्ये काय हवं?

1. आधी काय लागेल ते सांगा. कोणती सिस्टीम, किती जागा, कोणता जीपीएस. नकाशे कुठून घ्यायचे, हेही. भारतीय किनाऱ्याचे अधिकृत नकाशे डेहराडूनचं नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिस प्रसिद्ध करतं. सॉफ्टवेअर मोफत आहे म्हणून नकाशेही मोफत असतील, असं नाही.

2. एका पायरीत एकच काम. 'जीपीएस कॉन्फिगर करा' ही एक पायरी नाही, त्यात चार कामं दडलेली आहेत.

3. पुढे काय दिसेल ते लिहा. जीपीएस सुरू नसेल तर ओपनसीपीएनमध्ये बोटीचं चिन्ह राखाडी असतं, नीट जोडला की लाल होतं. हे एक वाक्य असलं, तर वाचणाऱ्याला आपण चुकलो की नाही ते लगेच कळतं.

4. अडलं तर काय करायचं? चिन्ह राखाडीच राहिलं तर आधी केबल पाहा, मग पोर्ट, मग मोकळ्या आकाशाखाली या.

5. शेवटी चाचणी द्या. धक्क्यावर उभं राहून इंटरनेट बंद करा. बोट नकाशावर त्याच धक्क्यापाशी दिसते का? आजूबाजूची खोली दिसते का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तरच इन्स्टॉलेशन पूर्ण.

6. आवृत्ती आणि तारीख लिहा. सॉफ्टवेअर बदलतं, बटणांची जागाही बदलते.

हे लिहिणार कोण?

गिटहबच्या 2017 मधल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात 93 टक्के लोकांनी अपुरी किंवा गोंधळात टाकणारी माहिती ही अडचण असल्याचं नोंदवलं होतं. तरीही योगदान देणाऱ्यांपैकी 60 टक्के लोक माहिती लिहिण्याच्या कामाकडे क्वचितच वळतात किंवा कधीच वळत नाहीत.

खरं तर या कामाला कोडिंग यावं लागत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला सगळं पाठ असतं, त्यामुळे त्याच्याकडून पायऱ्या सुटतात. पहिल्यांदाच इन्स्टॉल करणारा जिथे अडतो, ती जागा त्यालाच नेमकी ठाऊक असते. म्हणून लिहिलेल्या सूचना एखाद्या नवख्या माणसाला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे थांबेल, तिथे एक ओळ कमी आहे.

आणि एक सूचना कधीच वगळू नका. ओपनसीपीएन सुरू होताना स्वतःच बजावतं की, फक्त आपल्यावर विसंबू नका, मान्यताप्राप्त कागदी नकाशे सोबत ठेवा.