पाळणा लांबवायचा आहे, पण साधन हाताशी नाही

‘एवढ्यात दुसरं नको’ किंवा ‘आता मूलच नको’ असं मनात असतं, पण त्यासाठी आपण काहीच वापरत नाही. आरोग्य खातं याला ‘अपूर्ण गरज’ म्हणतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर विवाहित स्त्रियांमध्ये अशा सुमारे नऊ जणी आढळल्या.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याला शंभर वर्षं उलटली. आज साधनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मग अडतं कुठे?

रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धनकडे घरचे पुरुष दिवसचे दिवस दर्यावर असतात. ‘ते घरी नाहीत, मग गोळ्या कशाला?’ म्हणून आपण थांबतो. १ जूनला मासेमारी बंद होते, माणसं घरी येतात, आणि तेव्हा हाताशी काही नसतं. मुंबईच्या वस्तीत राहायला गेलेल्या आपल्या बहिणींना तर नव्या जागी आशाताई कोण, हेच ठाऊक नसतं. दवाखान्यासाठी खाडा केला, तर दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून आपल्या घराला जुळेल ते साधन निवडू या. तांबी प्रकाराप्रमाणे ५ किंवा १० वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते. अंतरा इंजेक्शन दर ३ महिन्यांनी घ्यायचं. छाया गोळी पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. अंतराने पाळी पुढेमागे होते, कधी थांबतेही. पण रक्त आत साठत नाही. मात्र ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हे आधी समजून घ्यावं.

आणखी एक गोष्ट. त्याच पाहणीत शंभरातल्या सुमारे ३८ जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया केलेली होती. नवऱ्याची झालेली शंभरात एकही भरत नाही. खरं तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी अधिक सोपी असते. फक्त त्यानंतर ३ महिने निरोध वापरून तपासणी करून घ्यावी लागते. आणि बाईच्या शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची सही लागत नाही, असं सरकारी नियमच सांगतात.

बोटी किनाऱ्याला लागण्याआधी, मे महिन्याच्या गटाच्या बैठकीला आशाताईंना बोलावू या. मुंबईच्या बहिणीलाही फोन करून सांगू या, की तिथेही सरकारी दवाखान्यात हे सारं फुकट मिळतं.